औषधाची चिठ्ठी लिहिता येते, मदतनीसाची नाही

मे महिन्यातील एका दुपारी एक जोडपे दवाखान्यात आले. नवरा पस्तिशीचा. तीन वर्षांपूर्वी बकऱ्यांसाठी पाला तोडताना तो झाडावरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे अंग गेले. त्याला दोघांनी उचलून आत आणले. थंडी वाजून ताप, लघवीला घाण वास, ओटीपोटात दुखणे. चार महिन्यांत लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होण्याची ही तिसरी वेळ होती. कुशीवर वळवून पाहिले तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम.

"पानी पेतच नाही जी हे. किती सांगा," बायको म्हणाली.

तो खाली मान घालून म्हणाला, "पानी पेलो का कपडे ओले होते साहेब. बायको तर सकाळीच पान तोडाले जाते. मंग दिवसभर बदलवनार कोन?"

या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मागच्या दोन्ही वेळी मी त्याला जंतुनाशक गोळ्या दिल्या होत्या आणि 'भरपूर पाणी प्या' असा उपदेशही केला होता. गोळ्यांनी ताप उतरत होता. पण ज्या कारणाने ताप येत होता, ते कारण माझ्या चिठ्ठीत कुठेच बसत नव्हते. त्याला हवा होता तो दिवसातून दोन वेळा येऊन तासभर हातभार लावणारा माणूस. आजच्या लेखात या औषधाचा, म्हणजे माणसाच्या मदतीचा, आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा कसा मिळू शकतो याचा विचार करू.

मदत नसली की शरीरात काय घडते?

मज्जारज्जूला इजा झाली की लघवीवरचा ताबा जातो. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. यावर उपाय म्हणजे पुरेसे पाणी आणि दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणे. ही नळी पुष्कळ रुग्णांना स्वतःच घालता येते. पण ती शिकवायला कोणी हवे, साबण-पाणी हाताशी ठेवायला कोणी हवे.

दुसरा शत्रू म्हणजे शय्याव्रण. आपण बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो. ज्याच्या अंगाला संवेदनाच नाही, त्याला ते कळत नाही. हाडाच्या टोकावरची कातडी दाबली जाऊन तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच ती मरू लागते. म्हणून अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलवावी. बसलेल्या माणसाने दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन बूड उचलावे. माकडहाड, टाचा, खुबे रोज एकदा उजेडात पाहावेत. कातडी लाल दिसली व बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर त्या जागेवर भार अजिबात देऊ नये. तेल चोळू नये, हळद-राख भरू नये.

यात महाग औषध एकही नाही. लागते ते माणसाचे बळ आणि वेळ. आपल्याकडे हे बळ बायको, आई किंवा शाळा सोडवलेली मुलगी पुरवते. ती आजारी पडली, मोलमजुरीला गेली की रुग्णाचे पाणी बंद.

स्वतंत्र जगणे म्हणजे एकटे जगणे नव्हे

हा प्रश्न केवळ आपल्या जंगलपट्टीचा नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाच्या मुलाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सगळे अंग लुळे पडले. रात्री श्वासासाठी त्याला लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपावे लागे. १९६२ साली त्याने बर्कले येथील विद्यापीठात प्रवेश मिळवला. वसतिगृहात त्या यंत्राला जागा नव्हती, म्हणून तो विद्यापीठाच्या इस्पितळात राहून शिकला. पुढे १९७२ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी तेथे अपंगांनी अपंगांसाठी चालवलेले केंद्र सुरू केले. मदतनीस शोधून देणे, घर सोयीचे करून देणे, सल्ला देणे ही त्याची कामे. १९७८ साली तेथील केंद्र सरकारने अशा केंद्रांसाठी कायद्यानेच पैशाची तरतूद केली. स्वीडनने १९९४ पासून फार मोठी मदत लागणाऱ्या माणसाला मदतनीसाच्या तासांचा पैसा देण्याचा कायदा केला.

यामागचा विचार साधा आहे. स्वतंत्र म्हणजे कोणाची मदत न घेणारा, असे नव्हे. तशी मदत तर आपण सारेच घेतो. न्हावी दाढी करतो, शिंपी कपडे शिवतो, त्यामुळे आपल्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. केव्हा उठायचे, केव्हा आंघोळ करायची, कुठे जायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते तो स्वतंत्र. मग कपडे घालायला दुसऱ्याचे हात लागले तरी बिघडत नाही.

आपल्या भागालाही हा विचार परका नाही. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. ज्यांना घराने आणि गावाने बाहेर काढले होते, त्यांनी तेथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. पुढे अंध, कर्णबधिर व इतर अपंग बांधवांनाही तेथे शिक्षण आणि काम मिळाले. अपंग माणसाला दयेपेक्षा काम आणि मान हवा असतो, हे आनंदवनाने साऱ्या देशाला दाखवले. पण प्रत्येक तालुक्यात आनंदवन उभे राहणार नाही. आणि ज्याला आपल्या गावात, आपल्या माणसांत राहायचे आहे, त्याने केवळ मदतनीस नाही म्हणून गाव का सोडावे?

कायदा काय म्हणतो?

अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्यातील एकोणिसावे कलम समाजात राहून स्वतंत्रपणे जगण्याच्या हक्काचे आहे. त्याला धरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. (सरकारी कागदात आता 'अपंग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द असतो. अर्ज करताना तोच लिहावा.) या कायद्याची तीन कलमे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

कलम ५ सांगते की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर नसावी आणि घरी किंवा समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या सेवा तिला मिळाव्यात यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे. तीत जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी 'काळजीवाहक भत्ता' स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ३८ नुसार असा जास्त आधार हवा असणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी अर्ज करता येतो.

मात्र कलम २४ मध्येच 'सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी एक मेख आहे. त्यामुळे भत्ता द्यायचा की नाही, किती द्यायचा हे राज्याच्या मर्जीवर राहते. केरळने बिछान्याला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठी 'आश्वासकिरणम' ही योजना २०१० सालीच सुरू केली. तिची रक्कम पुढे महिना ६०० रुपये झाली. रक्कम तुटपुंजी खरी, पण काळजी घेणे हेही काम आहे, हे त्या सरकारने मान्य केले. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग स्थापन केला. त्या विभागाकडे हा भत्ता मागणे आपले काम आहे.

पैसा कोठे कोठे आहे?

१) प्रमाणपत्र. पहिली किल्ली हीच. जिल्हा रुग्णालयातील तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. नोंदणी संगणकावर होते. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल, तसेच थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे त्यात आले आहेत. सिकलसेलमध्ये खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटून ऐन तारुण्यात माणूस लंगडू लागतो. अशा रुग्णांनी 'हा तर रक्ताचा आजार' म्हणून मागे राहू नये. अडचण अंतराची आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब. अंथरुणावरच्या माणसाला तेथवर नेणे म्हणजे जखमेला निमंत्रण. म्हणून आपल्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी शिबिर केव्हा आहे, याची चौकशी आधी करावी. प्रवासात बुडाखाली जाड गादी ठेवावी आणि वाटेत थांबून कूस बदलवावी.

२) मासिक अनुदान. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिच्यातील दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात करावा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले की पैसे अडकतात, तेवढे पाहून घ्यावे.

३) साधने. केंद्राच्या योजनेतून तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्रे मिळतात. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास ती मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. माझ्या रुग्णालाही तीनचाकी मिळाली होती. पण त्याच्या ओट्याला दोन फुटांची पायरी आणि अंगणापुढे चिखल. सायकल भिंतीला टेकून उभी. साधनासोबत वाटही हवी. उताराचा साधा हिशेब असा : एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. संडासाचे दार किमान तीन फूट रुंद असावे आणि बसायच्या जागेजवळ धरायला दांडा असावा.

४) ग्रामपंचायतीचे पाच टक्के. हा पैसा सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी माहितीचा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. उपचार, साधने, घरातील सोयी, स्वयंरोजगार अशी व्यक्तिगत मदत किंवा सार्वजनिक उतारासारखी सामूहिक कामे यातून होऊ शकतात. प्रत्यक्षात मी पुष्कळ गावांत असे पाहिले की मार्चअखेरीस जाग येते आणि सर्वांना सारखी रक्कम किंवा सारखी वस्तू वाटून मोकळे होतात. एका डोळ्याने कमी दिसणाऱ्याला जेवढे, तेवढेच अंथरुणावर पडलेल्याला. वाटणी समान दिसते, पण तिला न्याय म्हणता येत नाही.

५) खनिज निधी. आपल्या भागाची ही खास बाब. चंद्रपूरचा कोळसा आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांच्या खाणमालकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. २०१५ साली ही व्यवस्था आली. या पैशाचा मोठा वाटा ज्या अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करायचा, त्यांत पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्या बरोबरीने महिला, बालके, वृद्ध आणि दिव्यांग यांचे कल्याण हा विषय लिहिलेला आहे. खाणबाधित गावातील दिव्यांगांनी यावर हक्क सांगायला काहीच हरकत नाही. अनुसूचित क्षेत्रात तर गावाच्या कामांसाठी ग्रामसभेचे मत घ्यावे लागते.

हिशेब मांडून पाहू

माझ्या रुग्णाला सकाळी एक तास आणि दुपारी एक तास मदत हवी. तासाला पन्नास रुपये धरले तरी रोजचे शंभर, महिन्याचे तीन हजार. अनुदान अडीच हजार. म्हणजे सगळे अनुदान मदतनीसाला दिले तरी पाचशे कमीच आणि तेल-मीठ, नळ्या, कापूस यांना एक पैसा नाही.

आता ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला चार लाख असेल, तर पाच टक्के म्हणजे वीस हजार. महिन्याला साधारण सोळाशे रुपये. साऱ्या गावातल्या दिव्यांगांत वाटले तर प्रत्येकाच्या हाती चिल्लर येईल. पण गावात जास्त आधार लागणारे दोघे-तिघे असतील आणि त्यांच्यासाठी मिळून गावातलीच एक बाई किंवा तरुण मदतनीस नेमला, त्याला उपकेंद्रातील परिचारिकेकडून नळीची स्वच्छता आणि कूस बदलवणे शिकवले, तर? ग्रामपंचायतीचा वाटा, थोडा रुग्णाच्या अनुदानाचा वाटा, खाणपट्ट्यात खनिज निधीची जोड. असे चार ओंजळींचे पाणी एका घागरीत ओतले तर एक मदतनीस उभा राहू शकतो. एका माणसाला काम मिळते, तिघांच्या जखमा टळतात आणि तीन घरांतल्या बाया निश्चिंतपणे मजुरीला जाऊ शकतात.

हे स्वप्नरंजन वाटेल त्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आठवावे. २००९ साली वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला आणि त्या पैशाचे काय करायचे हे ग्रामसभेत बसून ठरवले. आज तेंदू-बांबूचा व्यवहार करणाऱ्या आणखीही ग्रामसभा जिल्ह्यात आहेत. जे गाव जंगल राखू शकते, ते आपल्यातल्या चार माणसांनाही राखू शकते.

काय करावे?

• आधी प्रमाणपत्र व ओळखपत्र. एकाच अवयवापुरते पाहून टक्केवारी कमी लागली असे वाटले तर फेरतपासणी मागता येते.

• मदतीची वही करा. दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या कामाला, किती मिनिटे मदत लागते ते आठ दिवस लिहून काढा. 'आम्हाला मदत द्या' यापेक्षा 'रोज दोन तास मदतनीस द्या' ही मागणी ठाम असते.

• आपल्या डॉक्टरांकडून गरजेचे पत्र घ्या. त्यात आजाराचे नाव आणि मदत न मिळाल्यास होणारा धोका दोन्ही लिहिलेले असावे.

• ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पाच टक्के निधी किती जमा, किती खर्च, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

• २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत विषय मांडा. दिव्यांग व्यक्तीला स्वतः तेथे न्या आणि तिलाच बोलू द्या. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

• मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिची चौकशी करा.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती आहे. लकव्याच्या रुग्णाला 'भरपूर पाणी प्या' सांगताना 'पाणी प्यायल्यावर तुमची सोय कोण करते?' एवढा एक प्रश्न जरूर विचारा. पुष्कळ वेळा रोगाचे निदान त्याच उत्तरात असते.

त्या रुग्णाची गोष्ट पुढे अशी झाली. त्याला नळी स्वतः घालायला शिकवले. शेजारच्या एका म्हाताऱ्या मावशी दुपारी येऊन पाणी, साबण हाताशी ठेवू लागल्या आणि कूस बदलायला हात देऊ लागल्या. जखम दीड महिन्यात भरून आली, ताप पुन्हा आला नाही. पण मावशी हे फुकट करतात आणि त्यांचेही हातपाय दुखतात. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो बायकोच्या आणि भावाच्या मदतीने तीनचाकीवर बसून गेला. ओट्यापुढे उतार आणि मावशींना मोबदला, अशा दोन मागण्या त्याने लिहून दिल्या. उताराला मंजुरी मिळाली. मावशींचा मोबदला 'पुढच्या सभेत पाहू' म्हणून राहिला आहे.

पुढची सभा दोन ऑक्टोबरला आहे. तो पुन्हा जाणार आहे. आपल्या गावातही असा कोणी तहान मारून बसला असेल. त्याला सभेपर्यंत पोहोचवायला आपण हात द्यावा.